नदीकाठच्या फीडरचं परमिट

मोबाईल खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला होता. हातात पॅनलवरून नुकतीच काढलेली लाल पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'लाईनवर माणसे काम करीत आहेत.'

मी खर्ड्याच्या बाजूला एका सबस्टेशनमध्ये ऑपरेटर आहे. इथून शेतांकडे जाणाऱ्या प्रत्येक लाईनला आम्ही फीडर म्हणतो. लाईनमन खांबावर चढण्याआधी आमच्याकडून परमिट घेतो, म्हणजे लाईन बंद असल्याची हमी. काम झाल्यावर ते त्याने स्वतः परत करायचं. तोवर लाईन चार्ज, म्हणजे चालू करायची नाही.

आदल्या संध्याकाळच्या वावटळीनं माळाचा आणि नदीकाठचा, असे दोन फीडर बंद पडले होते. नदीकाठच्या लाईनवर आमचे लाईनमन रामदासभाऊ चढले होते. माळावर लाईनमनांची दुसरी गँग होती. सकाळपासून फोन थांबत नव्हता. दारात शेतकरी महादेवतात्या उभे होते.

"ताई, लाईट कवा यायची? कांद्याला पानी न्हाई. लई सुकलाय."

"येईल तात्या, काम चालू आहे."

तेवढ्यात इंजिनिअर शिंदे साहेबांचा फोन आला. त्यांच्या गाडीतही कुणीतरी बोलत होतं. मला एवढंच कळलं, "काम झालं, चार्ज करा." टेबलावरचा फोन वाजू लागला. तात्या पुन्हा काही विचारत होते. माझ्या डोक्यात रामदासभाऊच होते, म्हणून मी नदीकाठच्या पॅनलची पाटी काढली आणि लाईन चालू करायच्या ब्रेकरच्या हँडलला हात लावला.

आणि थांबले. काम झालं हे मला साहेबांनी सांगितलं होतं. रामदासभाऊंचा आवाज मी ऐकलाच नव्हता.

मी हात काढला. पाटी परत लावली. तात्यांना म्हटलं, "जरा बाहेर थांबा," आणि दार लावून घेतलं. टेबलावरचा फोन वाजत राहू दिला.

"साहेब, कुठल्या फीडरचं काम झालं?"

"आत्ताच सांगितलं ना? इथं तहसीलमधून माझ्या मागे लागलेत, मॅडम. लवकर करा."

"फीडरचं नाव सांगा, साहेब."

"माळाचा. नदीकाठचं अजून चालू आहे."

मी खुर्चीत बसले. रामदासभाऊंना फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला. उत्तर नाही. माणूस खांबावर असला की फोन पिशवीत खाली राहतो, हे मला माहीत होतं. तरी त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय पॅनलपुढे उभं राहवेना. बाहेर तात्या दार वाजवत होते. साहेबांचा फोन दोनदा येऊन गेला.

शेवटी भाऊंचाच फोन आला.

"काय झालं ताई? मी वर हुतो. अजून एक तारेचा जंप बांधायचा हाय."

"काही नाही भाऊ. सावकाश करा. परमिट तुमच्याकडंच आहे."

मग माळाच्या गँगला फोन केला. त्यांच्याकडून परमिट परत घेतलं. पॅनलवरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि माळाचा फीडर चार्ज केला. लाईन टिकली, पुन्हा बंद पडली नाही.

संध्याकाळी शिंदे साहेब आले ते तावातच. "फोन का उचलत नव्हता?"

मी त्यांना पॅनलपुढे नेलं आणि काय होता होता राहिलं ते सांगितलं. साहेब खुर्ची ओढून बसले. पाणी मागितलं. मग म्हणाले, "मी नावच घेतलं नव्हतं का?"

"घेतलंही असेल. मला ऐकू आलं नाही."

आता ब्रेकरला हात लावायचा असला की मी आधी दाराला कडी घालते आणि दोन्ही फोन शेजारच्या खोलीत ठेवते. वरिष्ठांची बोलणी खावी लागतात. 'मॅडम फोन उचलत नाहीत' अशी दोनदा तक्रारही झाली. एका वेळी चार कामं उरकणाऱ्या माणसाचं ऑफिसात कौतुक होतं. ब्रेकर चालवताना एवढंच कळतं, की उशिराचा खुलासा देता येतो, माणूस गेल्याचा नाही.