उजेडाच्या कार्डाची चौथी कॉपी

पुस्तक पात्याखाली होतं आणि मशीनचं हँडल माझ्या हातात. समोर स्टुलावर मुलुंडच्या लायब्ररीचे सेक्रेटरी साळवी बसले होते. त्यांच्या पिशवीत आणखी दोन पुस्तकं होती. तिन्ही एकाच नावाची. तिन्ही मीच शिवलेली.

"थांबलात का, शेवंताबाई?"

"पाठीकडून कापायचं म्हणता?"

"हो. आधी शिवण जाऊ दे. मग आडव्या पट्ट्या करा. एकही पान सलग राहता कामा नये."

मी बायंडर. भांडुपला माझी एक खोली, तिच्यात पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा आणि हाताने चालवायचं कटिंग मशीन. चौथी झाल्यावर घाटकोपरच्या एका प्रेसमध्ये फोल्डिंगला बसले, तेव्हापासून हेच काम. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. फर्मे एकमेकांना दोऱ्याने शिवायचे, ही जुजबंदी. मग पुठ्ठा, पाठीला रेक्झिन, वर लेबल. शेवटी कडा कापून सारख्या करायच्या. कडा. पुस्तक कापून द्या म्हणत तोपर्यंत कुणी आलं नव्हतं.

"गुन्हा काय त्याचा?" मी विचारलं.

"कमिटीत ठराव झालाय. पोरं बिघडतायत."

"तुम्ही वाचलंत?"

"वाचायचं काय त्यात? माझी मीनल, तेरा वर्षांची. जेवताना मला विचारते, बाबा, हा नियम कुणी केला? आठवडा झाला, रोज तेच. लवकर झोप म्हटलं, कुणी केला. मोठ्यांच्या मध्ये बोलू नको म्हटलं, कुणी केला. हातातलं पुस्तक काढून घेतलं तेव्हा कुठे गप्प बसली."

"मग सांगायचं, कुणी केला."

साळवींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कापा."

"रद्दीत का नाही देत?"

"आणि भेळवाल्याकडे गेलं म्हणजे? पोरं पुडी सोडून वाचतात, बाई. तुम्हाला माहीत नाही."

मला चांगलंच माहीत होतं. चौथीनंतरचं माझं सगळं वाचन पुड्यांवरचं.

पुस्तकाचं नाव 'उजेडाचं कार्ड'. सहा फर्मे, शहाण्णव पानं. बायंडर पुस्तक वाचत नाही, पानांचे आकडे लागतात की नाही तेवढं बघतो. मीही तेच बघत होते. पहिल्यांदा ते शिवायला आलं तेव्हा तिसऱ्या फर्म्यावर नजर आकड्यावरून खाली घसरली आणि तिथेच राहिली.

एक शहर असतं. त्यावर झाकण असतं. उजेड कार्डावर मिळतो, चार माणसांमागे रोज दीड तास. लोक रांगेत उभे राहतात, उजेड घेतात, आभार मानतात. एका मुलीचं कार्ड हरवतं. नवीन कार्डासाठी अर्ज करायचा सोडून ती उजेड येतो कुठून ते बघायला निघते. बस्, एवढंच.

रॉकेलच्या रांगेत माझं अर्धं आयुष्य गेलंय. पुढे किती माणसं आहेत ते मी रोज मोजलं. रांग कुणी लावली हे कधी मनात आलं नाही. त्या दुपारी हातातली सुई तशीच राहिली, वाटीतली खळ वाळून कडक झाली. शेवटचं पान झालं तशी मी गॅलरीत गेले आणि सरळ वर सूर्याकडे पाहिलं. मूर्खपणा. डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. पण एक माणूस कुठेतरी बसतो, कागदावर अख्खं शहर उभं करतो, त्यावर झाकण घालतो, आणि ते वाचून भांडुपची बाई उठून आभाळाला झाकण आहे का बघायला जाते! असं काही करता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. हजारो पुस्तकं हातांखालून गेली होती तोवर.

असं ते पुस्तक पात्याखाली होतं.

मी हँडल ओढलं. उगाच खोटं कशाला सांगू? वर्षातलं अर्धं काम मला त्या मुलुंडच्या लायब्ररीचं. माझी शिवण पक्की होती, पातं दोनदा अडलं. साळवी तिन्ही पुस्तकांच्या पट्ट्या कातरणाच्या पोत्यात जाईपर्यंत उठले नाहीत.

उठताना म्हणाले, "रजिस्टरला चार कॉप्या आहेत. चौथी सापडत नाही. तुमच्याकडे राहिली का?"

"माझ्याकडे नाही."

ते खरं होतं. कुठे आहे ते मला माहीत होतं, पण ते त्यांनी विचारलं नव्हतं.

झालं होतं असं. बारीक पुस्तकाच्या पाठीवर लेबल बसत नाही. म्हणून लायब्ररीने मागाहून पद्धत पाडली, बारीक पुस्तकं दोन-दोन एकत्र बांधायची आणि लेबलवर पुढच्याचं नाव टाकायचं. जोड्या विषय बघून लावायच्या असतात. पण बायंडरला विषय दिसत नाही, लांबी-रुंदी दिसते. 'उजेडाचं कार्ड'च्या तीन कॉप्या त्याआधीच सुट्या बांधून गेल्या होत्या; चौथी आली त्या खेपेला मी मापाला माप लावलं आणि ती 'दमा आणि आहार' या पुस्तकाच्या मागे शिवली. चूक लक्षात आली तेव्हा गठ्ठा मुलुंडला पोचला होता. सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर उसवून परत शिवावं लागलं असतं. मी गप्प बसले. ते पुस्तक आरोग्याच्या कपाटात जाऊन उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात एक मुलगी. शाळेचा युनिफॉर्म, दोन वेण्या, घामाने चिंब.

"मावशी, काल इथे पुस्तकं कापली ना? तुकडे आहेत?"

"तू कोण गो?"

"मीनल साळवी. बाबा आईला सांगत होते, ते मी ऐकलं."

"बाबांना ठाऊक आहे इथे आलीस ते?"

"नाही."

मी पोत्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, बघेल आणि जाईल. त्या पोत्यात लग्नपत्रिकांचं, बिलबुकांचं, गाइडांचं, सगळं कातरण एकत्र होतं. तिने दप्तर काढून कोपऱ्यात ठेवलं, जमिनीवर मांडी घातली आणि पोतं पालथं केलं.

मी माझं काम करत राहिले. तासाभराने बघते तर पट्ट्यांचे ढीग लागलेले. आधी कागदाचा रंग बघून वेगळ्या केल्या होत्या, मग अक्षराचा आकार बघून. आता ती अर्ध्या कापलेल्या ओळीचा वरचा भाग खालच्या भागाला लावून बघत होती. तीन कॉप्यांच्या पट्ट्या, एकेक ओळ तीनदा येते. तरी दोन पानं पूर्ण लागली होती. आयुष्यभर मी कागद जोडले. असे जोडताना कुणाला पाहिलं नव्हतं. मी सुई खाली ठेवली आणि नुसती बघत राहिले.

"हे कुठलं पान?" मी विचारलं.

"बावन्न. मी बहात्तरपर्यंत वाचलंय. मला पुढचं हवंय, पण हातात येतं ते मागचंच." मग एकदम मान वर करून म्हणाली, "मावशी, झाकण उघडतं का हो शेवटी?"

मला ठाऊक होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं.

"ते मी सांगणार नाही," मी म्हटलं. "लायब्ररीत जा. आरोग्याच्या कपाटातलं 'दमा आणि आहार' माग."

"मला दमा नाहीये."

"माग म्हणते ना. आणि अर्ध्यानंतर उघड."

तिने 'दमा आणि आहार' हे नाव दोनदा पुटपुटलं. मग सगळ्या पट्ट्या परत पोत्यात भरल्या, जमीन झाडली आणि गेली.

दीड वर्षाने साळवी पुन्हा आले. गठ्ठ्यात वरच 'दमा आणि आहार'. पाठ निघालेली, दोरा सुटलेला.

"हे पक्कं बांधा, शेवंताबाई. फार चालतं. पोरांना आरोग्याचं वेड लागलंय. मी वार्षिक सभेत सांगितलं तसं."

"हो?"

"आमच्या मीनलने चारदा नेलं. डॉक्टर होणार बहुतेक."

"जेवताना विचारते का काही?"

"विचारते की!" ते म्हणाले. "पण आता अभ्यासातलं असेल."

ते गेल्यावर मी पुस्तक उघडलं. पुढची दम्याची पानं करकरीत, नव्या नोटेसारखी. मागचे सहा फर्मे धुतलेल्या सुती कापडासारखे मऊ. प्रत्येक पानाचा खालचा कोपरा बोटांनी काळा पडलेला. शेवटच्या पुठ्ठ्यावर तारखांची चिठ्ठी असते, पुस्तक कधी नेलं त्याचे शिक्के त्यावर पडतात. ती भरून तिच्यावर दुसरी चिकटवली होती, तीही भरली होती. ते शिक्के मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. तेवढी पोरं मुलुंडला आहेत हेच मला माहीत नव्हतं. एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

मी दुहेरी दोऱ्याने जुजबंदी केली. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलं. लेबल जुनंच ठेवलं.

कापायचं असेल तर आधी वाचावं. निदान काय कापायचं राहिलं ते तरी कळतं.

कॉप्या चार होत्या. तीन माझ्या हाताने गेल्या. चौथी जगली.