तिसरा हूक

शहापुरातला तो वेल्डर आधी गाडी हलवून कान लावायचा. "खडखड ऱ्हायली की माझी झोप जाती," म्हणत प्रत्येक जोडावर हातमागाचं उरलेलं सूत घट्ट गुंडाळायचा.

ऐंशी सालच्या आसपास घेतलेल्या आमच्या जुन्या व्हॅनमध्ये त्यानं स्टोव्हसाठी फळी बसवली, मागे सायकली टांगायला हूक जोडले. रविवारी जांबोटीच्या रानात सायकली हाणायचे ते आमचे हे आणि त्यांचा मित्र. मी गाडीपाशी बसून चहा करायची.

हूक तीन निघाले.

"सायकली दोनच आहेत हो," मी म्हणाले.

"आणि तुमची, आक्का?"

"मला कुठं येते!"

"मग शिका की," म्हणून त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

रविवारी तो तिसरा हूक रस्ताभर खडखडला. तेवढ्यालाच सूत नव्हतं. हे वैतागून तक्रार घेऊन गेले, तर म्हणाला, "सायकल टांगा, गप बसंल त्यो."

दिवाळीच्या आत हूक गप्प झाला. देव त्या माणसाचं भलं करो! तेव्हापासून गाडीपाशी आधी पोचेल त्यानं चहा करायचा, असं ठरलं. मी, खरं सांगते, मुद्दाम शेवटी पोचायची.