नालीतून आलेला नळ

आमच्या गल्लीत नळ यायचा त्या दिवशी मारामारी ठरलेली असायची. तालुक्याचं गाव आमचं. आठवड्यातून एकदा नळ येतो, तोही वेळ सांगून येत नाही. आला की घराघरांत मोटरींची घरघर सुरू होते. मोटर म्हणजे टिल्लू पंप. तो थेट नळाला जोडायचा आणि पाणी ओढून घ्यायचं. ज्याची मोटर दांडगी, त्याची गच्चीवरची टाकी भरते. बाकीच्यांच्या नळातून नुसती हवा फुसफुसते.

नळाचे पाइप गेलेत नालीतून, आणि जागोजागी सडलेत. पाणी जोरात असतं तोवर ते पाइपातून बाहेर झिरपतं. मोटरी ओढायला लागल्या की पाइप रिकामा पडतो आणि नालीतलं सगळं आत खेचलं जातं. हे कळायला फार अक्कल लागत नाही. पहिली बादली स्वच्छ भरायची, मोटरी सुरू झाल्या की पाण्यात काळे तंतू यायचे आणि संडासाचा वास. गल्लीतल्या प्रत्येकानं हे पाहिलं होतं, आणि आधी दुसऱ्यानं मोटर काढावी असं प्रत्येकाला वाटत होतं.

आमच्या समोर मोटर वाइंडिंगचं दुकान चालवणारा राहतो. त्याच्या घरची मोटर कशी असणार ते सांगायला नको. त्याच्या बायकोला मी समोरची म्हणते, ती मला काकू म्हणते. पूर्वी आमचं बरं होतं. वाटीभर साखर इकडून तिकडे जायची.

मग माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, की गावात कावीळ सुरू आहे, पोटुशीला झाली तर आई आणि लेकरू दोघांच्याही जिवावर बेतते, पाणी उकळूनच द्या. त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून बसले. तिचा माठ वेगळा, तिचा पेला वेगळा. उकळी फुटल्यावरही पातेलं बराच वेळ आचेवर ठेवायची. चूळ भरायलासुद्धा तिला उकळलेलंच पाणी. नवरा म्हणायचा, गॅस संपवते ही बाई. मी म्हणायचे, संपू दे.

पण नालीचं पाणी घरात येतंय ते पाहून माझं डोकं फिरत होतं. एका सकाळी नळ आला, माझी बादली अर्धी भरली आणि धार काळी झाली. समोरची मोटर ओरडत होती. मी सब्बल, घरातली लोखंडी पहार, उचलली आणि तिच्या अंगणात गेले.

"मोटर बंद कर," मी म्हटलं. "माही पोरगी पोटुशी हाय."

"तुमची पोरगी हाय, त माह्या घरी काय दगडं राह्यतात का काकू?"

मी सब्बल घातली ती थेट मोटरीच्या डोक्यावर. पंखा तुटला, ठिणग्या उडाल्या. तिनं माझा अंबाडा धरून मला नळाच्या खड्ड्यात पाडलं. मी तिच्या मनगटाला चावले. तिनं पाणी भरायचा पितळी गुंड उचलून माझ्यावर हाणला, तो सोडवायला धावलेल्या माझ्या नवऱ्याच्या कपाळावर बसला आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्त ओघळलं. गल्ली ओट्यांवर उभी राहून बघत होती. आणि इतकं होऊनही बाकीच्या घरांतली एकही मोटर थांबली नव्हती. तो दिवस नळाचा होता, कोण सोडणार?

दोन्ही घरं ठाण्यात गेली. हवालदारानं दोघींचं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळत म्हणाला, "माह्या घरीबी मोटर हाय बाई. मी कोनाले सांगू?" घरी पाठवलं आम्हाला.

त्यानंतर आमच्यात शिव्यांखेरीज एक शब्द नव्हता, आणि तेच बरं होतं. समोरच्या घरातून एक दाणा माझ्या घरी येत नव्हता.

ते मोडलं माझ्या लेकीनं. तिच्या डोहाळजेवणाची तयारी चालली होती. गल्लीतल्या सगळ्या बायांना बोलावणं गेलं, समोरच्या घराला सोडून. मुलगी हट्टाला पेटली. "तू भांडून राह्यली माह्यासाठी, अन् लोकं बोटं मोडून राह्यले माह्या लेकरावर. बोलाव तिले ओटी भराले." ओटी भरायला आलेली बाई नाराज होऊन परत जाऊ नये, असं आमच्याकडे मानतात. पोटातल्या बाळाला तिची हाय लागते म्हणे. मी नाही म्हटलं. नवरा म्हणाला, समजूतदारपणानं घे. टाके पडलेलं कपाळ घेऊन तोच बोलावणं करून आला.

समोरची आली, नवं लुगडं नेसून, डोळे भरून. तिनं ओटी भरली, माझ्या पाया पडली. बाया खूश झाल्या. आणि तिनं मागे ठेवलेली स्टीलची बरणी पुढे ओढली. मठ्ठा होता, कोथिंबीर-जिरं घातलेला. माझ्या लेकीला मठ्ठा आवडतो हे तिला जुन्या दिवसांपासून ठाऊक होतं.

"घे वं माय, ताजा हाय. आताच घुसळला."

मठ्ठा पाण्यानं होतो, आणि ते पाणी तिच्या टाकीतलं. मी उठले. लेकीनं माझ्याकडे पाहिलं, गप्प राहा असं डोळ्यांनी सांगितलं आणि पेला तोंडाला लावला. सगळ्या बाया बघत होत्या. समोरचीनं स्वतःसाठीही ओतून घेतला, घटाघटा प्याली. "अजून एक घे, दोन जिवाची हायेस तू," म्हणाली. लेकीनं दुसराही घेतला. तेव्हापासून समजूतदारपणा हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. भांडत होतो तोवर माझी पोर ठणठणीत होती.

नववा लागला आणि तिला उलट्या सुरू झाल्या. मग डोळे पिवळे झाले. नणंद काविळीची माळ घेऊन आली, ती डोक्यावरून उतरत खाली आली की कावीळ उतरते म्हणे. मी ती माळ तोडून चुलीत टाकली आणि गाडी करून पोरीला यवतमाळला नेलं. वाटेत कावीळ मेंदूला चढली, ती मला ओळखेनाशी झाली. दवाखान्यात तिनं सलाइन उपटलं, सिस्टरच्या तोंडावर लाथ मारली. शेवटी तिचे हात पट्ट्यांनी खाटेला बांधले. बांधलेल्या हातांनीच ती बाळंत झाली. मुलगा होता. रडला नाही.

दुसऱ्या दिवशी समोरची आली, हातात डबा आणि पाण्याची बाटली. व्हरांड्यात दिसली तशी मी तिला भिंतीवर आदळलं. डबा फुटला, भाकरी फरशीवर पसरल्या. मी तिच्या तोंडावर मारत सुटले. तिनं हात वर केला नाही.

"मारा काकू," ती म्हणाली. "माह्या घरीबी नवरा अन् पोरगं पिवळे पडले."

मी थांबायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मी तरीही एक ठेवून दिली. वॉचमननं येऊन मला ओढलं.

संध्याकाळी लेकीला शुद्ध आली. हात सोडले होते, मनगटांवर वळ होते. तिनं रिकाम्या पोटावर हात फिरवला. ओठ फुटले होते. सिस्टर म्हणाली, घोट घोट पाजा, पाणी पोटात गेलं नाही तर हीसुद्धा राहायची नाही. मी पेला पुढे केला. तिनं दात आवळले आणि मान फिरवली.

"पी."

"नोको."

मी गोंजारलं, विनवलं, रडले. ती भिंतीकडे बघत राहिली. मग मी खाटेवर चढले, गुडघ्यानं तिचा खांदा दाबला आणि तिच्या दातांत अंगठा घातला. ती कडकडून चावली. रक्त आलं, पण जबडा उघडला. मी ओतलं. ती ठसकली, थुंकली, पण थोडं गिळलं. मी पुन्हा ओतलं. नवरा पायथ्याशी उभा होता, त्याला बघवेना, तो बाहेर गेला.

अर्धा पेला गेल्यावर तिनं माझा हात धरला.

"कुठचं हाय?" तिनं विचारलं.

पेल्यातलं पाणी दवाखान्यासमोरच्या टपरीवरून आणलेल्या बाटलीतलं होतं. तिच्यात कुठचं पाणी भरलं होतं ते मलाही माहीत नव्हतं.

"उकळलं हाय," मी म्हटलं आणि पेला पुन्हा तिच्या तोंडाला लावला.