आफ्राच्या गुरांचं सुतक

आमच्या खोऱ्यात पाहण्यासारखं काय काय आहे, असं कुणी विचारायचा अवकाश, ओट्मार खानावळवाला खिशातून रंगीत पत्रक काढतो. त्यात आधी धबधबा, मग सेंट लिओनार्डचं चर्च, मग त्याची स्वतःची खानावळ. तिथे पाहण्यासारखं एकच, ओट्मारचं पोट, पण त्याचा फोटो छापलेला नाही. आणि सगळ्यात शेवटी, डोंगराच्या पार खांद्यावर, आफ्राची झोपडी.

झोपडी आफ्राची म्हणायची, पण मालक गेबहार्ट. वरचं कुरण त्याचं, गुरं बहुतेक त्याची. आफ्रा उन्हाळाभर गुरं घेऊन वर राहायची, दूध काढायची, चीज लावायची आणि सप्टेंबर सरताना सगळ्यांना खाली आणायची. गेबहार्टच्या बापाच्या वेळेपासून हेच चाललेलं. गेबहार्ट रांगत होता तेव्हा हिनेच त्याला शेणातून उचलून धुतला होता, आणि तो फार मालकी दाखवायला लागला की ती हे चारचौघांत सांगायची.

बाई उंच, वाळकी, डोक्यावर पुरुषी टोपी. लग्न केलं नाही. मागण्या आल्या नाहीत असं मात्र नाही, त्याची बित्तंबातमी माझ्याकडे आहे. लाकूडवखारीचा एक जण म्हणाला होता, "आफ्रा, तुझ्या हाताला चीजचा वास येतो गं." ही म्हणाली, "मग जन्मभर पाव कोरडाच खा." तो अजून कोरडाच खातो. बायको आहे, पण तिला स्वयंपाक येत नाही.

पत्रकात नाव छापून आलं आणि आफ्राच्या मागे पाहुण्यांचं शुक्लकाष्ठ लागलं. त्यांना कड्यावरून दिसणारं तळं बघायचं असतं, गाईच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचा असतो आणि तव्यावर फाडून भाजलेला अंड्याचा गोड पोळा खायचा असतो. आफ्राने गेबहार्टला विचारलं, "मी गुरं बघू का तवा बघू?"

"दोन्ही बघ. हल्ली दुधापेक्षा तवा जास्त देतो," गेबहार्ट म्हणाला.

त्या ऑगस्टमध्ये असाच एक लखलखीत दिवस होता. बाहेरची बाकं भरलेली, आफ्रा पिठात कोपरापर्यंत. कड्याकडच्या कुंपणाला लाकडी फाटक आहे. त्यातून कुणीतरी फोटोसाठी पलीकडे गेलं आणि येताना कडी लावली नाही. कोण, ते कधी कळलं नाही, कळणारही नाही. बिर्का नावाची कालवड त्या फाटकातून बाहेर पडली. कड्याच्या कपारीत गवत लुसलुशीत असतं. म्होरकी गाय हंबरायला लागली तेव्हा आफ्रा पिठाच्या हातांनीच धावली. कड्यावरून खाली बघितलं आणि परत येऊन चूल विझवली. बाकांवरच्या लोकांना म्हणाली, "उठा. आज काही मिळणार नाही."

बिर्का गेबहार्टची नव्हती. खाली पुलापाशी नोटबुर्गा नावाची विधवा राहते. तिची एक गाय आणि ही कालवड, दोन्ही उन्हाळ्यात गेबहार्टच्या कळपाबरोबर वर चरायला जात.

आता आमच्याकडे गुरं खाली उतरतात तो दिवस म्हणजे सण. म्होरकीच्या शिंगांवर फुलांचा मुकुट, गळ्यांत मोठाल्या घंटा, पुढे आफ्रा ठेवणीतल्या झग्यात, बँड, बिअर, आणि दोन्ही बाजूंना पाहुण्यांच्या रांगा. पण वर एखादं जनावर दगावलं तर गुरांनाही सुतक असतं. मग फुलं नाहीत, आणि घंटांत गवत कोंबून त्या मुक्या करायच्या. माझ्या आजोबांच्याही आधीपासूनची रीत आहे ही.

ओट्मारच्या खोल्या त्या सणासाठी वर्षभर आधीच भरलेल्या. तो घामाघूम होत वर गेला. तिसऱ्या पेल्यानंतर त्यानेच मला सांगितलं. आफ्राला म्हणाला, "वीज पडली म्हणू या."

"त्या दिवशी आभाळात ढग तरी होता का रे?"

"पाहुण्यांना काय कळतंय!"

"गाईंना कळतंय. आणि वीज फाटक उघडत नाही, ओट्मार."

मग गेबहार्ट गेला. त्याचा युक्तिवाद साधा होता. "कालवड आपली नव्हती. परक्याच्या जनावराचं सुतक आपल्याला कशाला?"

"माझ्या हातून मीठ खाल्लंय तिने," आफ्रा म्हणाली. "तू पण खाल्लंयस. उद्या तू पडलास तर तुला परका म्हणू का?"

गेबहार्ट चिडून खाली आला. "म्हातारीचं डोकं फिरलंय," असं त्याने बँडच्या तालमीत सगळ्यांना सांगितलं. जो तो आपापलं वाद्य पुसायला लागला. मी तर पावाचा तुकडा उगाच चघळत बसलो.

सणाला थोडेच दिवस उरले तेव्हा नोटबुर्गा स्वतः वर गेली. मी गावचा पाववाला, तेव्हा वर पाव पोचवायला गेलो होतो, आणि निघायची घाई मला कधीच नसते. आफ्राने तिला बसायला बाक पुसून दिलं, समोर श्नाप्स दारूचा पेला ठेवला. मला वाटलं, आता दोघी गळ्यात पडून रडणार.

नोटबुर्गाने पेल्याला हात लावला नाही. "आफ्रा, गुरं सजवून आण," ती म्हणाली.

आफ्रा म्हणाली, "बिर्का तुझी होती गं."

"माझीच होती, म्हणून सांगतेय. माझ्या घरातल्या वरच्या दोन्ही खोल्या मी सणासाठी पाहुण्यांना दिल्यात. ओट्मार म्हणतो, गुरं उघडी आली तर पुढच्या वर्षी माझ्याकडे एक माणूस पाठवणार नाही. कालवड गेली ती गेली. आता माझे पाहुणेही घालवतेस?"

"मला नाही जमणार. फाटक मी बघायला हवं होतं. मी तवा बघत बसले."

"तुझ्या मनाला टोचतंय, त्याची भरपाई मी करू होय?" नोटबुर्गा उठली. "सुतक माझ्या घरचं. मी म्हणते, नाही पाळायचं. तू कोण मोठी लागून गेलीस?"

नोटबुर्गा उतारावरून दिसेनाशी झाली, तरी ही तशीच बसून होती. निघताना मी विचारलं, "मग काय ठरलं, आफ्रा?"

"पाव जरा करपलाय आज. नीघ तू."

सणाच्या दिवशी ऊन छान होतं. बँड पुलाच्या अलीकडे उभा होता, तुबाचा मोठा पितळी कर्णा माझ्या गळ्यात. वळणावरून घंटांचा आवाज यायला हवा होता. आले ते नुसते खुरांचे आवाज. मग आफ्रा दिसली. काळा झगा, रोजचा एप्रन, टोपी हातात. मागे म्होरकी, शिंगं उघडी. तिच्यामागे बाकीच्या, घंटांच्या तोंडातून गवत डोकावत होतं. बँडमास्तरने वर केलेला हात खाली घेतला. गावातल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. ओट्मारने नाही काढली.

पाहुण्यांतल्या एका बाईने पुढे होऊन विचारलं, "सजवलेल्या गाई मागून येतायत का?"

"याच आहेत, बाई," आफ्रा म्हणाली आणि चालत राहिली.

दुसऱ्यांची गुरं ज्याच्या त्याच्या दारात दावं हातात देऊन परत करायची असतात. नोटबुर्गाच्या दारात कळप थांबला. ती पायरीवर उभी होती. वर गॅलरीत तिचे पाहुणे, फोटो काढत. आफ्राने आधी गाईचं दावं तिच्या हातात दिलं. मग खांद्यावरून दुसरं दावं उतरवलं, रिकामं, बिर्काचं, आणि पुढे केलं.

नोटबुर्गाने ते घेतलं नाही. "आत ये असं म्हणता येत नाही," ती म्हणाली. "पाहुणे आहेत."

आफ्राने दावं कुंपणाच्या खुंटावर अडकवलं आणि गुरं पुढे हाकली.

नोटबुर्गाचे पाहुणे दुसऱ्याच दिवशी गेले. ओट्मारने शब्द खरा केला, त्या बाबतीत माणूस पक्का. गेबहार्टने वरची झोपडी एका तरण्या जोडप्याला दिली, आणि हे आफ्राला कळलं माझ्याकडून. त्याला तोंड वर करून सांगवेना. चर्चमध्ये त्या दोघी अजून एकाच बाकावर बसतात, जागा पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहेत, बदलता येत नाहीत. मधे एक माणूस मावेल एवढी फट असते. मी एकदा मुद्दाम तिथे बसून पाहिलं. दोघींपैकी एकीनेही माझ्याकडे मान वळवली नाही.

दावं हिवाळाभर त्या खुंटावर होतं. बर्फ पडला, दावं गोठून त्याची काठी झाली. नोटबुर्गा रोज पाण्याला त्याच्यावरूनच जायची. मार्चमध्ये बर्फ वितळला आणि एका सकाळी खुंट मोकळा दिसला. नोटबुर्गाने आत नेलं की आफ्राने परत नेलं, ते मला माहीत नाही. गावात मला माहीत नसलेली गोष्ट सहसा नसते. पण ही मी कुणाला विचारलेली नाही.