किसनमामांनी रंगवलेली भिंत

किसनमामा पेंटर माणसाचं चित्र काढायच्या आधी त्या माणसाचं काम स्वतः करून बघायचे. एका डेअरीच्या भिंतीवर धार काढणारी बाई काढायची होती, तर आठवडाभर गोठ्यात जाऊन बसले आणि म्हशीची लाथ खाऊन आले. "अंगाला कळल्याबगर हाताला कळत न्हाई," असं वर आम्हालाच ऐकवलं. दुकान यवतला, पण निम्मं आयुष्य त्यांनी शिरूर-दौंडच्या गावोगावी शिडीवरच काढलं.

मी निमोण्याच्या शाळेत शिकवते. शाळेच्या भिंतीवर गावातल्या जुन्या सैनिकाचं चित्र काढायचं ठरलं, तो सैनिक म्हणजे माझे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात ते सिंगापुरात जपान्यांच्या हाती सापडले. तिथून बोटीत कोंबून त्यांना कुठल्याशा बेटावर नेलं आणि विमानं उतरवायच्या जागेसाठी माती वाहायला लावली. पाट्या उचलून उचलून त्यांची मान कायमची डावीकडं कलली. परत आल्यावर गावानं विचारलं, किती मारले? आजोबा गप्प. मग गाव हसायला लागलं, "लढाईला गेला आन् बिगारी करून आला." ते हसणं ऐकत माझे वडील, आबा, लहानाचे मोठे झाले. आपण आहोत तोवर गावानं खरं काय ते एकदा बघावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

किसनमामा दिवसचे दिवस आबांसमोर बसून ऐकत राहिले. मग साठी उलटलेला हा माणूस एका विहिरीच्या कामावर दोन दिवस पाट्या उचलायला गेला. आला तो मान धरूनच. मला म्हणाले, "बाई, म्हातारा लढला न्हाई असं कोण म्हंतंय? उपाशीपोटी रोज जित्तं ऱ्हायाचं, ही काय कमी लढाई हाय?" मला तिथंच रडू आलं. इतक्या वर्षांत आमच्या घराबाहेरचं कुणी असं बोललं नव्हतं.

चित्र उतरलं ते तसंच. ओळीनं माणसं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, डोक्यावर पाट्या, मध्ये कललेल्या मानेचे आजोबा. आबा बघून गेले, "असंच व्हते," एवढंच म्हणाले. मग उद्घाटनापर्यंत मामांनी पडदा लावला आणि आत कुणाला फिरकू दिलं नाही.

पंधरा ऑगस्टला पडदा ओढला. आजोबा कडक गणवेशात, हातात बंदूक, मान ताठ. पाट्या नाहीत, माणसं नाहीत, मागं नुसता झेंडा. टाळ्यांचा कडकडाट झाला, हार पडला. मी मामांना बाजूला ओढलं. कुणी दटावलं का, विचारलं.

"न्हाई वो, बाई. म्याच इचार केला. पाटीवाल्याला कोण हार घालतंय? आबांच्या बापाला गावानं एकदा तरी हात जोडावं, म्हून केलं."

आबा काठी टेकत भिंतीपाशी आले.

"मान सरळ केली तुम्ही," ते मामांना म्हणाले. "गाव हसलं, त्याचं मला काय न्हाई. त्यांना ठावं नव्हतं. तुम्ही तर समदं ऐकलं व्हतं. मंग तुम्हालाबी माझ्या बापाची लाज वाटली, व्हय?"

दुसऱ्या दिवशी मामा डबे-ब्रश घेऊन हजर झाले, तर गावकरी म्हणाले, एवढं देखणं चित्र कशाला पुसता? आबांनीही नको म्हणून सांगितलं, "आता मला बरं वाटावं म्हून काढू नका." त्या थंडीत आबा गेले.

गेल्या वर्षी मामाही गेले. मी यवतला गेले, त्यांच्या बायकोजवळ बसून पोटभर रडले. राग मात्र गेला नाही. परक्यानं फसवलं असतं तर एव्हाना विसरले असते.

दर पंधरा ऑगस्टला मुलं त्या बंदूकवाल्याला कडक सलाम ठोकतात. ती वर्गात आली की मी त्यांना सांगते, हे चित्र खोटं आहे. आणि ते काढणाऱ्याला खरं काय होतं, ते सगळं माहीत होतं.