चार नंबरचा हिरवा चौकोन

मी कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजवर पोचले तेव्हा चार नंबरच्या चेंबरचं दार सताड उघडं होतं. हमाल रस्त्यापलीकडे उभे राहून ओल्या टॉवेलने डोळे पुसत होते. ऑपरेटर सिदूतात्याला सांगलीला दवाखान्यात नेलं होतं. ऑफिसच्या भिंतीवर टीव्ही, त्यावर सहा चौकोन. पाच हिरवे, चौथा लाल.

"बघा मॅडम," मॅनेजर साहेब म्हणाले. "समोर लाल दिसत असताना दार उघडलं त्यानं. आता ह्याला कोण काय करणार?"

हे कोल्ड स्टोरेज बेदाण्याचं आणि हळदीचं. चेंबर म्हणजे मोठ्या थंड खोल्या. त्या थंड ठेवायला पाइपातून अमोनिया फिरवतात. पाइपात आहे तोवर तो कामाचा, बाहेर आला की डोळे आणि छाती जाळतो. म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये गॅस ओळखणारा सेन्सर आहे. त्याचा आकडा सर्व्हरवर येतो आणि सर्व्हर टीव्हीवर चौकोन दाखवतो. हिरवा असेल तर दार उघडा, लाल असेल तर लांब राहा. दारं वीतभर जाड आणि घट्ट. आत गॅस भरला तरी बाहेर वास येत नाही. सगळी भिस्त त्या चौकोनावर.

सर्व्हर माझ्याकडे. मी शिराळा तालुक्यातली, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. ते मी कुठंही विचारायच्या आधीच सांगते. कुपवाडच्या बऱ्याच कारखान्यांचे सर्व्हर मी सांभाळते आणि त्यातला एकही मी अंदाजाने चालवत नाही.

अपघाताच्या अडीच महिने आधी मी तिथल्या सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती चढवली होती. नव्या आवृत्तीत बरंच काही होतं. डिस्क जलद झाली होती, पासवर्ड चोरणं अवघड झालं होतं, जुन्या कमजोर पद्धतीने जोडली जाणारी यंत्रं ती दारातच अडवत होती. मॅनेजर साहेबांनी त्यातलं एकच ऐकलं, हॉटपॅच.

पॅच म्हणजे ठिगळ. सिस्टिममध्ये सापडलेली भोकं बुजवायला ती बनवणारी कंपनी दर महिन्याला पॅच पाठवते. आधी तो लावला की सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागे. त्याला रिस्टार्ट म्हणतात. पाऊण तास बिलं बंद, वजनकाटा बंद, गाड्या गेटवर उभ्या. सीझनला मॅनेजर साहेबांचं डोकं तापायचं. हॉटपॅचमध्ये सर्व्हर चालू असतानाच आतला कोड बदलतो. दर महिन्याचा रिस्टार्ट गेला, तीन महिन्यांतून एकदा केला की पुरे.

"लय भारी काम केलंत," साहेब तेव्हा म्हणाले होते. चहाही पाजला होता.

त्या पाऊण तासात सिदूतात्या काय करत होता, हे मात्र कोणी बोललं नाही.

तात्या जत भागातला. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. ती विकून तो कुपवाडला आला आणि ऑपरेटर झाला. रिस्टार्टच्या दिवशी टीव्ही काळा पडला की तो मला म्हणायचा, "ताई, तुमचं जनावर झोपलं. आता राखण आमच्याकडं." मग टॉवेल भिजवून तोंडाला बांधायचा आणि सहाही चेंबर फिरायचा. दार बोटभर उघडायचं, स्वतः बाजूला भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, थांबायचं, मग पुढं जायचं. त्याला हे कोणी शिकवलेलं नव्हतं आणि कुठल्या नियमात लिहिलेलंही नव्हतं. सर्व्हर उठला की सेन्सरचं सॉफ्टवेअर नव्याने सुरू व्हायचं, एकेका सेन्सरला हाक मारायचं आणि जो उत्तर देणार नाही त्याचा चौकोन लाल करायचं. वर्षातून एखादा सेन्सर असा मेलेला सापडे आणि बदलला जाई. आम्ही त्याला योगायोग समजत होतो.

अपघाताच्या दुपारी मी दवाखान्यात गेले. तात्याच्या डोळ्यांवर पट्टी, नाकात नळी. शेजारी त्याची बायको बसली होती. माझा आवाज ऐकून त्याने हात पुढं केला.

"ताई, मी बगितलं हुतं. हिरवं हुतं."

मी म्हटलं, आता बोलू नका.

"बोलू द्या. समदी म्हणत्यात लाल हुतं. डोळं गेलं तर जाऊ द्यात. पर मला खोटा ठरवू नगा."

त्याची बायको म्हणाली, "मागं दोन हमाल हुतं. त्यास्नी ढकलून बाहेर काढलं ह्यांनी आन् मग पडलं."

मी परत कुपवाडला आले. त्या दिवसाचा क्रम नीट लावला. गॅस सुटल्यावर वायरमनने अख्ख्या प्लँटचा मेन स्विच पाडला होता. यूपीएसची बॅटरी संपली, सर्व्हर बंद पडला. लाइट आली तसा तो आपोआप उठला. म्हणजे मी पोचायच्या आधीच रिस्टार्ट झाला होता. सगळ्यांनी जो लाल चौकोन पाहिला, तो रिस्टार्टनंतरचा होता.

मग मी सहाही सेन्सरचे जुने आकडे काढले. चालू सेन्सरचा आकडा कधी एका जागी बसत नाही. दार उघडलं, कॉम्प्रेसर सुरू झाला, की थोडा हलतो. पाच सेन्सरचे आकडे हलत होते. चौथ्याचा आकडा तीन आठवडे दशांशानेही हलला नव्हता. सेन्सर मेला होता आणि सॉफ्टवेअर त्याचा शेवटचा आकडा धरून बसलं होतं. तो आकडा चांगला होता, म्हणून चौकोन हिरवा. महिन्याचा रिस्टार्ट चालू असता तर अपघाताच्या दहा दिवस आधीच तो लाल झाला असता.

फॅक्टरी इन्स्पेक्टरला माझा टेक्निकल रिपोर्ट द्यायचा होता. मॅनेजर साहेबांनी मजकूर आधीच टाइप करून ठेवला होता. सिस्टिम व्यवस्थित चालू होती, लाल इशारा दिला होता, ऑपरेटरने दुर्लक्ष केलं.

मी त्यांना आकडे दाखवले. त्यांनी ते पाहिले, त्यांना समजलंही. ते वाईट माणूस नव्हते. पण वर मालक होते, विमा होता.

"मॅडम, मग हॉटपॅचमुळं झालं म्हणून लिहा. नवीन सिस्टिमवर ढकला. ती कंपनी काय इथं भांडायला येणार आहे?"

"पॅचनं काही चुकवलं नाही, साहेब. रिस्टार्ट नको म्हणून आपणच सांगितलं, तो झाला नाही."

"मग लिहिणार काय?"

"सेन्सर मेलेला होता, सॉफ्टवेअरनं ते लपवलं आणि तात्यानं हिरवं पाहून दार उघडलं."

"तुम्ही सांगलीत धंदा करता, मॅडम. जरा विचार करा. एक सही तर आहे."

"सही माझी हवी असेल तर मजकूर पण माझाच."

मी तिथंच बसून लिहिला आणि दिला. इन्स्पेक्टरने आकडे स्वतः तपासले. तात्यावर ठपका आला नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना बदल करावा लागला. आता उत्तर न देणाऱ्या सेन्सरचा चौकोन लगेच लाल होतो. साहेबांनी माझं कंत्राट काढून घेतलं नाही, पण चहा बंद झाला. तात्याचा एक डोळा गेला. दुसऱ्याने उजेड कळतो, माणूस ओळखू येत नाही. चार पावलं चालला की धाप लागते.

आता नवी आवृत्ती चढवायच्या आधी मी प्रत्येक ठिकाणी विचारते, सर्व्हर बंद असतो तेव्हा तुमची माणसं काय करतात? बहुतेक मॅनेजर म्हणतात, काही नाही, बसून असतात. मग मी माणसांना विचारते.

निकाल सांगायला मी तात्याच्या गावी गेले होते. तो दारात खाटेवर बसला होता. रिपोर्टात काय लिहिलं ते मी वाचून दाखवलं. "हिरवं पाहून" हे शब्द त्याने दोनदा वाचायला लावले.

मग म्हणाला, "आता टीव्ही बंद करता का मदनं-मदनं?"

"दर महिन्याला करते. हॉटपॅच असला तरी."

"तवा फिरतं कोण?"

"नवा ऑपरेटर आहे."

"त्येला सांगा, दार उघडताना बाजूला हुबं ऱ्हायचं. कवाबी. त्या दिशी मी म्होरंच हुबा हुतो. हिरवं हुतं न्हवं."

पॅच लावताना काय काय करायचं, याचा एक कागद मी प्रत्येक सर्व्हरजवळ चिकटवते. तात्याचं हे वाक्य आता त्यात शेवटी आहे. हिरवं असलं तरी बाजूला उभं राहायचं. सर्व्हरशी त्याचा काही संबंध नाही, असं एका साहेबांनी मला सांगून पाहिलं. कागद तसाच आहे.