हालीमाची ओटी

खरं सांगते, त्या दिवशी मी देवीशी चक्क भांडले. "तुझ्या आठ हातांत शस्त्रं, आणि माझी पोर सुदानच्या लढाईत रिकाम्या हातांनी उभी. हा कुठला न्याय?" असं आमच्या भवानीला तोंडावर विचारलं. तिथल्या एका मदतसंस्थेत माझ्या सईचं काम असं, की गावातल्या बायका पाण्याला, सरपणाला निघाल्या की हिची टीम सोबत चालते. बंदूक नाही, काठीसुद्धा नाही. परकं माणूस बघतंय म्हटल्यावर बंदूकवाला कचरतो, एवढाच त्यांचा भरवसा. मला तो शुद्ध वेडेपणा वाटायचा.

त्यात सकाळी बातमी आली, सईच्या गावात हत्यारबंद टोळी शिरली. फोन लागेना. मी खण, नारळ, तांदूळ ताटात मांडले आणि म्हटलं, पोरीचा आवाज ऐकव, लगेच तुझी ओटी भरते.

बेल वाजली. इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स या वस्तीतली आमची समोरची शेजारीण हालीमा, मूळची सुदानचीच. सई कुठे असते हे तिला ठाऊक होतं. मला वाटलं, हिची तिकडे ओळख असेल, काही खटपट करेल. "मेरे पास कुछ नहीं, सिस्टर. सिर्फ बैठेगी," ती म्हणाली आणि देव्हाऱ्यासमोर माझ्याशेजारी जमिनीवर बसली. ना उपदेश, ना समजूत. मी रडले, तिच्यावर खेकसलेसुद्धा, पण बाई हलली नाही. हळूहळू रडू ओसरलं, मग कुठे देवीचं नाव ओठांवर आलं.

दुपारी फोन वाजला. सई! "आई, आय अ‍ॅम फाइन. टोळीवाले आले तेव्हा बायका आत होत्या, आम्ही दारात बसलो. वी जस्ट सॅट देअर. अँड दे लेफ्ट."

आनंद पोटात मावेना. मी हालीमाकडे बघतच राहिले. नुसतं बसणं म्हणजे काय, ते सकाळपासून माझ्याच घरात चाललं होतं. "अशी येतेस होय गं," मी देवीला म्हटलं, ताट उचललं आणि हालीमाला पाटावर बसवलं. ती हसत हसत "खलास, अब रोना नहीं" म्हणाली आणि मी सांगितलं तसा ओढणीचा पदर पुढे केला. तिची ओटी भरताना मी पुन्हा रडलेच.

सई अजून तिथेच आहे. भीती गेलेली नाही, पण तिच्यासाठी आता शस्त्रं मागत नाही. पोर देवीच्या पदरात घातली आहे. परवा हालीमाच्या सुदानमधल्या भावाची खबर येईना, तेव्हा मी तिचं दार वाजवलं.

"मेरे पास कुछ नहीं," मी म्हटलं. "सिर्फ बैठेगी."

तिने सरकून जागा दिली.